कोमट भाकरीइतकं अंतर

अंजनामाय विमानाच्या हाती निरोप पाठवायची. पट्टीवरून विमान उठलं की ही बाई विळा खाली टाकून, कमरेचा पदर सोडून हवेत हलवायची आणि ओरडायची, "कमलले सांगजो रे, माय मजेत हाय! अन् बकरी व्याली म्हनाव!" आवाज असा खणखणीत, की विमानातल्या माणसाला नाही तरी बडनेऱ्याच्या स्टेशनावरच्या हमालाला तो ऐकू जावा. लोक हसायचे. ती हसणाऱ्याकडे असं बघायची की हसणं अर्ध्यावर गिळावं लागायचं.

आता ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ती वेडी वाटेल. ती वेडी नव्हती. मी तिला ओळखत होतो, तुम्ही नाही. म्हणून मी सांगतो ते ऐका.

आमचं गाव अमरावतीच्या बाजूचं, बेलोऱ्याच्या विमानपट्टीला खेटून. पट्टी म्हणजे आज आहे तशी काचेची इमारत वगैरे नव्हती. लांबलचक डांबर, दोन्हीकडे कमरेइतकं गवत, एक खोली आणि एक चौकीदार. महिन्यातून कधी तरी एखादं सरकारी विमान नाही तर शिकाऊ पायलटांचं खेळण्याएवढं विमान यायचं. बाकी दिवस तिथे टिटव्या आणि बकऱ्या. अंजनामायचं घर तारेच्या कुंपणाला लागून, गावाचं शेवटचं. नवरा लवकर गेला. अर्धं वावर पट्टीत गेलं, उरलेल्या अर्ध्यात ती राबली. एकच लेक, कमल. आणि लेकीला दिलं कुठे, तर अकोल्याजवळ शिवनीला. तिथेही अशीच पट्टी, असंच गवत, आणि कमलच्या सासरचं घरही तिथल्या तारेला खेटून. योगायोग म्हणा. अंजनामाय योगायोग म्हणत नसे. म्हणे, "माह्या घराच्या मांगून उडते, लेकीच्या घराच्या मांगं उतरते. म्हंजे ते इमान आमच्या दोघींसाठीच हाय. मंत्री तं मधात बसते फुकट."

माझी काळीपिवळी मेटॅडोर होती, बडनेरा ते अकोला. कमलच्या लग्नात नवरी मीच पोचवली, म्हणून कमल मला मामा म्हणे. मी शब्बीर, ती पाटलाची लेक, पण मामा म्हटलं की मामा. माझी शाळा दुसरीत संपली. गुरुजींनी मारलं, मी उठून चालू लागलो, परत गेलो नाही. पण बडनेरा-अकोला रस्त्यावरचा एकेक खड्डा मला तोंडपाठ होता, आणि माझ्या गाडीत बसून कोणी मला अंतर शिकवलेलं मला चालत नसे. अंजनामायलाही चालत नसे. आमचं पटायचं ते त्यामुळेच, आणि भांडणंही त्यामुळेच व्हायची.

ती वर्षातून दोन-तीनदाच लेकीकडे जाऊ शके. वावर, बकऱ्या, गवत, कोणाच्या भरवशावर सोडणार? आणि जाणं म्हणजे दिवस मोडायचा. गावातून बडनेऱ्यापर्यंत पायी, तिथून गाडी भरेपर्यंत स्टँडवर बसणं, मग मूर्तिजापूर, बोरगाव, ट्रकांच्या मागे धूर खात शिवनी फाटा. सकाळी निघालेली बाई दुपार कलल्यावर पोचायची. माझ्या गाडीत चढताना दर वेळी म्हणायची, "काय रे शब्बीर, तुही गाडी हाय का म्हतारी बकरी? थांबत थांबत चरत जाते."

मी म्हणायचो, "मग जा ना विमानानं."

"जाईन. एक दिवस जाईनच."

एकदा गाडीत एका टेरीकॉटवाल्याने चेष्टेने विचारलं, "माय, मग विमानाचं तिकीट काढलं का?" अंजनामाय त्याच्याकडे वळली. "काहून काढू? त्या डांबराखाली माह्या सासऱ्याचं वावर हाय. माह्या वावरात धावल्याबिगर एकबी इमान उडत नाही. आपल्याच वावरात जाले तिकीट लागते का रे, बापा?" गाडीतली माणसं इतकी हसली की टेरीकॉटवाला मूर्तिजापूरलाच उतरला. त्याला अकोल्याला जायचं होतं, हे मला माहीत होतं.

तर निरोपावरून ती एक दिवस गाठोड्यावर आली. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण होता. हिने पुरणपोळ्या केल्या आणि पट्टीवर शिकाऊ विमान उभं दिसलं. गवत कापणारी बाई म्हणून चौकीदार तिला आत सोडत असे. ही थेट विमानापाशी. आत एक पोरसवदा पायलट, हिंदी बोलणारा, मिसरूड नुकतं फुटलेलं. अंजनामायची हिंदी तिने स्वतःच घडवलेली होती. "बेटा, तू शिवनीको उतरता न? पट्टीके बाजूमेच मेरी लेक का घर हाय. ये गाठोडा दे देना. तारके उप्परसे हाक मारना, कमल करके." पोरगं गोंधळलं. मग तिने फडकं सोडून एक पोळी त्याच्या हातावर ठेवली, वर तूप. तूप खाऊन नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

दोन दिवसांनी मी शिवनी फाट्यावर थांबलो होतो, तर कमल धावत आली. "मामा, मायले सांगा, पोया पोचल्या. कोमट होत्या!" ती हसत होती आणि रडत होती. मी तो निरोप आणला तेव्हा अंजनामाय गवताच्या भाऱ्यावर मटकन बसली. म्हणाली, "कोमट?"

"कोमट."

"म्हंजे माही लेक लांब नाहीच हाय. एका कोमट पोयीइतकीच लांब हाय. लांब तं हा रस्ता करून ठेवते."

त्या दिवसापासून तिचं हे मोजमाप पक्कं झालं. कोणी म्हटलं, अकोला किती दूर, तर म्हणे, "तव्यावरून काढली भाकर फडक्यात बांधली, ते कोमट हाय तोपर्यंत." शिकलेल्या लोकांनी तिला मैल सांगितले, तास सांगितले. ती हात झटकायची. "ते तुमचं. माहं भाकरीनं मोजलेलं हाय."

तो पायलट पुन्हा आला नाही. नवीन आलेल्यांनी गाठोडं घेतलं नाही. पण एकदा पोचलं होतं, आणि एकदा पोचलेली गोष्ट पोचत नाही असं अंजनामायला कोणाच्या बापाला पटवून देता आलं नाही.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नाही, पाऊस आला तर नको तेव्हा. आमच्या वऱ्हाडात तेव्हा पट्टीवर विमानं वाढली. चांगल्या दिवसांत आमच्याकडे कोणी फिरकलं नाही, वाईट दिवसांत रांग लागली. विमान उतरायचं, गाड्यांचा ताफा धुरळा उडवत कोणाच्या तरी घरी जायचा, फोटो निघायचे, ताफा परत. आम्ही विमान दिसलं की विचारायचो, आज कोणाचं घर? अंजनामायने त्या दिवसांत पदर हलवणं सोडलं. म्हणे, "ह्या इमानाच्या हाती निरोप नाही द्याचा. हे निरोप न्याले नाही, पाहाले येते."

एका सकाळी बडनेऱ्याच्या टेलिफोनच्या दुकानातून मला हाक आली. शिवनीचा फोन. अंजनामायचा जावई काल दुपारी गेला. सांजेलाच सगळं उरकलं. तो कसा गेला ते मी सांगत नाही. त्या वर्षांत कोणी विचारत नव्हतं, मीही विचारलं नाही. फोनवरचा माणूस म्हणाला, "कमल काल दुपारपासून पाण्याचा थेंब घेऊन नाही राहिली. अंगावर पितं लेकरू हाय. दूध आटलं तं लेकरूबी जाईन. तिच्या मायले आना."

मी गाडी रिकामी वळवली. तिच्या दारात उभा राहून सांगितलं. ती रडली नाही. चुलीपाशी गेली आणि पिठाचा डबा उघडला.

आमच्याकडे रीत आहे. ज्या घरात मरण झालं त्या घरची चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी बाहेरून अन्न न्यायचं आणि घरच्यांच्या तोंडात पहिला घास घालायचा. कडू घास म्हणतात. तो घास घातल्याशिवाय दुःखातलं माणूस जेवायला लागत नाही. कमलच्या तोंडात तो घास घालायला मायशिवाय कोण होतं? अंजनामायने ज्वारीच्या भाकरी थापल्या, बेसन घोटलं, सगळं फडक्यात बांधलं. बाहेर आली आणि माझ्या गाडीकडे न येता पट्टीकडे चालू लागली.

पट्टीवर विमान उभं होतं. त्या दिवशी मंत्री आले होते, अमरावतीत बैठक चालू होती. मी स्टँडवर ऐकलेलं तिला सांगून बसलो होतो की बैठक झाली की ते विमानानं अकोल्याला जाणार, आणि पट्टीजवळच्याच एका घरी सांत्वन करणार. कोणतं घर ते तिला सांगावं लागलं नाही.

फाटकाशी गाड्याच गाड्या. अमरावतीच्या तर होत्याच, अकोल्याच्याही होत्या. आमच्याकडे पाहुण्याला सामोरं जाण्याची रीत. जितकं लांब जाऊन हार घालाल तितका तुमचा मान मोठा. अकोल्याचे कार्यकर्ते, त्यांचे हार, त्यांचे फोटोवाले, सगळे पहाटे उठून रस्त्याने इकडे आले होते, मंत्र्यांना आपल्या गावाला न्यायला. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. पुढे येईल.

फाटकावर एक साहेब होता. अंजनामायने त्याला सरळ सांगितलं, "साहेब, तुमी माह्या लेकीच्या घरी चालले. मलेबी घेऊन चला."

साहेब बोलायला मऊ होता. "माय, तसं करता येत नाही. सुरक्षा असते."

"बरं, मले नका नेऊ. हे गाठोडं न्या. कडू घास हाय. तारेपाशी कोनालेबी देऊन द्या, पोचते. याच्या अगोदर पोचलेलं हाय."

"बाहेरचं खाण्याचं काही विमानात नेत नाहीत माय."

"कोमट हाय," ती म्हणाली. जणू तेवढं सांगितलं की पुरे.

साहेबाने मान हलवली. अंजनामाय त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माह्या लेकीच्या घरी तुमी चालले. तिची माय नको, मायच्या हातची भाकर नको. मंग तुमी कोनाले भेटाले चालले, भाऊ?"

साहेब वाईट माणूस नव्हता, पण फाटक त्याने उघडलं नाही. ती वळली आणि माझ्या गाडीत येऊन बसली. "चाल शब्बीर. पाहू तुही बकरी आज कशी पयते ते."

मेटॅडोरमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असतं, वर लोखंडी झाकण. उन्हाळ्यात त्यावर बसणाऱ्याची कातडी भाजते. थंडीत आम्ही ड्रायव्हर लोक आपला डबा त्यावर ठेवतो. मी तिच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि झाकणावर ठेवलं, वर माझी घोंगडी टाकली. ती बघत होती. मग हात सगळ्या रस्त्याने त्या घोंगडीवर ठेवून बसली, जसं कोणी आजारी माणसाच्या अंगावर हात ठेवावा.

त्या दिवशी मी कशी गाडी चालवली ते मी सांगणार नाही, कारण पोलीसवाले अजूनही ऐकत असतील. कापसाच्या गाड्या, ट्रक, मूर्तिजापुरात एक आडवा लागलेला ट्रेलर. मी बाजूच्या शेतातून गाडी काढली. शेतवाला शिव्या देत धावला, तर अंजनामायने खिडकीतून ओरडून सांगितलं, "मरण हाय, बापा!" त्याने हातातला दगड खाली टाकला आणि मेंढराचं कुंपण बाजूला करून वाट दिली.

मूर्तिजापूर सुटलं आणि डोक्यावरून घर्र आवाज गेला. विमान. पांढरं, झपकन पुढे. मी नाही म्हटलं तरी माझा पाय ढिला झाला. म्हटलं, "माय, गेलं ते. आता पोचलंच."

ती खिडकीतून मान वर करून म्हणाली, "जाऊ दे. वरतून गेलं म्हनून पोचलं का? तू समोर पाह्य."

शिवनीला आलो. तारेपलीकडे विमान उभं होतं, दार उघडं, शिडी लावलेली. आजूबाजूला दोन पोलीस आणि गवत. गाडी एक नाही. कमलचं घर तिथून इतक्यावर, की शिडीवर उभं राहून हाक मारली तर घरात ऐकू जावी. आणि मंत्री आत बसलेले. का? तर त्यांच्यासाठी आलेल्या गाड्या, त्यांचे हार, त्यांचे फोटोवाले, सगळे त्यांना सामोरे अमरावतीला गेलेले! आता ते सगळे आमच्या मागे, त्या आडव्या ट्रेलरच्या पलीकडे धूर खात उभे होते. विमान पोचलं होतं, पण विमानातल्या माणसाला पोचायला रस्त्याचीच वाट बघावी लागत होती. दोन पावलं चालत आला असता तर कोणी नको म्हटलं नसतं. पण मंत्री चालत कसा येणार?

मला हसू आलं, भर दुःखात. अंजनामाय हसली नाही. तिने गाठोडं छातीशी धरलं आणि आत गेली.

कमल भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे पण काही बघत नव्हते. लेकरू पदराशी झोंबून रडत होतं. आसपास बायका, कोणी काही म्हटलं तर कमल मान फिरवायची. अंजनामायने हात धुतले. समोर बसली, फडकं सोडलं. भाकरीतून वाफ निघत नव्हती, पण बेसनाचा वास घरभर गेला.

"कमे, तोंड उघड."

"नाही माय."

"मी तुले तुह्यासाठी नाही म्हनून राहिली. त्या लेकराच्या दुधासाठी उघड. रडाले सारी उमर पडली हाय. हे कोमट हाय तोपर्यंतच हाय."

कमलने हात पुढे करून भाकरीला बोट लावलं. "कोमट हाय," ती म्हणाली. काल दुपारपासूनचा तिचा पहिला आपणहून निघालेला शब्द, असं तिची सासू नंतर म्हणाली. मग तिने तोंड उघडलं. मायने घास घातला. कमलला तो गिळता येईना. अंजनामाय तिचा गळा हाताने चोळत बसली, जसं लहान वासराला पाजताना करतात.

नेमका तेव्हा बाहेर गाड्यांचा आवाज झाला. बूट वाजले. एक जण दारातून आत डोकावला. "चला, व्हा बाजूला, साहेब आले."

अंजनामायने मागे वळून पाहिलं नाही. "येऊ द्या. माह्या लेकीच्या तोंडात घास हाय. गिळू द्या."

"अहो, साहेब उभे आहेत बाहेर!"

"तं उभे राहू द्या. मीबी सकायी उभीच होती."

कमलचा घोट खाली उतरलेला मला ऐकू आला. दुसरा घास. तिसरा. दारात मंत्री आले ते चपला बाहेर काढून, आणि उंबऱ्यापाशी खरंच थांबले. मागचा कॅमेरावाला पुढे घुसत होता, त्याला अंजनामाय म्हणाली, "त्या डब्याचं तोंड तिकडं कर रे. लेक जेवून राहिली माही." मंत्र्यांनी हाताने खूण केली, तो मागे झाला. तेवढं मी त्या माणसाचं मानतो.

कमलने पाणी प्यायलं, लेकराला पदराखाली घेतलं. तेव्हा अंजनामायने तोंड वळवलं. "या. बसा खाली." मंत्री जमिनीवर बसले. तिने उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला, वर बेसन ठेवलं आणि त्यांच्या हातावर दिलं. "आज ह्या घरात जो येईन त्यानं घास घेतल्याबिगर जाचं नाही. रीत हाय."

त्यांनी खाल्लं.

"गार हाय न?"

"चालतं, माय."

"गारच राहीन. तुमाले सकायी पट्टीवर देऊन राहिली होती मी, कोमट. तुमी नाही नेलं. साहेब, तुमचं इमान लवकर आलं, तुमी उशिरा आले. पुढच्या खेपेले उतरल्यावर चालत या. गरिबाचं घर पयून नाही जात."

मंत्र्यांनी तुकडा संपवला आणि हात जोडले. मग ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो नव्हता, हे मी वाचून नाही, चित्र बघून सांगतो.

परत येताना रस्त्यात अंजनामाय एकदाच बोलली. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "शब्बीर, तुह्या बकरीनं आज इमानाची लाज काढली." मग शेवटी, बडनेरा आल्यावर, ती रडली.

कमल सासरीच राहिली, शेत तिनेच केलं, लेकरू वाढवलं. लोकांनी तिला माहेरी ये म्हटलं, तिने ऐकलं नाही. लेक कोणाची होती? आणि अंजनामाय पुन्हा पदर हलवायला लागली. "कमलले सांगजो, तूर चांगली हाय!" आता मात्र निरोपाच्या शेवटी विमानाला एक वाक्य जास्त असे, "अन् उतरल्यावर पाह्यजो, वाट चालतच जाते!"

ती गेली ती गवत कापतानाच, पट्टीच्या कडेला, विळा हातात. चौकीदाराला वाटलं बसली आहे. गावात तिचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. मी फोनवर कळवलं, गाडी काढली आणि कमलला आणायला शिवनीला गेलो. कमल दारात तयार उभी होती, काखेत गाठोडं. गाडीत चढली आणि मला न विचारता गाठोडं इंजिनाच्या झाकणावर ठेवलं, वर माझी घोंगडी ओढली, आणि हात ठेवून बसली.

सगळं उरकलं. अंजनामायच्या रिकाम्या घरात कमलने फडकं सोडलं. मी म्हटलं, "कमे, हा घास कोणाला? तुझ्या मायचं इथं कोणी नाही आता."

कमलने भाकर मोडली, वर बेसन ठेवलं आणि माझ्यापुढे धरलं. "काहून नाही? तुमी नाही का, मामा? तोंड उघडा."

मी हट्टी माणूस आहे. कोणाच्या सांगण्यावरून मी आयुष्यात काही केलं नाही. पण मी तोंड उघडलं. भाकर कोमट होती. बाहेर पट्टीवर एखादं विमान आलं असेल, गेलं असेल. आम्ही दोघांनी वर पाहिलं नाही.